सातवा फोटो : छायाचित्रणाच्या एका विद्यार्थी-प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

छायाचित्रणाच्या दुसऱ्या सत्रात मी दरवेळी एक ठरलेलं काम देतो: एक माणूस, त्याचं काम, आठ फोटो. सोबत साधारण ५०० शब्दांचं चिंतन. मनात काय होतं, हाती काय आलं, कुठे अडलं आणि तिथे काय ठरवलं, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं. मुदत सहा आठवडे. पाचव्या आठवड्यात कच्ची मांडणी वर्गासमोर ठेवायची, सहाव्याच्या शेवटी अंतिम काम द्यायचं. १०० गुणांपैकी तंत्राला ३०, कथेला ४०, चिंतनाला ३०. कथेच्या ४० मधले १५ गुण 'ज्या फोटोवर सगळी कथा तोलली जाते' त्या एका फोटोसाठी होते. ही १५ गुणांची ओळ मीच लिहिली होती. पुढे जे घडलं त्यात तिचाही वाटा आहे.

या प्रकरणातली विद्यार्थिनी वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. तिने घड्याळं दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर निवडले. ती त्यांना काका म्हणत असे, म्हणून मीही इथे काकाच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, आणि हे लिहिण्याआधी दोघांनाही विचारलं आहे.

पहिल्याच भेटीत तिने आमच्या छापील परवानगीपत्रावर काकांची सही घेतली. पत्रावर एवढंच होतं: 'अभ्यासक्रमासाठी माझे व माझ्या कामाचे फोटो काढण्यास हरकत नाही.'

प्रकाशाशी झटापट

पहिले दोन आठवडे सगळे तंत्रातच गेले. ते थोडं सविस्तर सांगतो, कारण असं काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला हीच अडचण येते.

खोलीत डाव्या बाजूला एक खिडकी आणि टेबलावर एक पिवळा दिवा, बाकी अंधारच. तिच्याकडे क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिमीची एफ १.८ लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते, पण तितकाच पातळ पट्टा स्पष्ट येतो. फोटोत दाणे (बारीक ठिपके) येतील या भीतीने तिने आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ४०० वर धरून ठेवला आणि घड्याळ पूर्ण स्पष्ट यावं म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६ केलं. शटरचा वेग आपोआप १/२० सेकंदावर आला. चिमटा धरलेली बोटं त्या वेगाला थांबत नाहीत. पहिल्या भेटीतले दोनशेच्या आसपास फोटो हललेले निघाले.

दुसऱ्या भेटीत ती दुसऱ्या टोकाला गेली. लेन्स पूर्ण उघडली, एफ १.८. शटर १/२०० झालं, बोटं थांबली. पण साठ सेंटीमीटरवरून या लेन्सने एफ १.८ ला जेमतेम एक सेंटीमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. चिमट्याचं टोक लख्ख दिसत होतं आणि घड्याळ धुक्यात गेलं होतं.

वाट निघाली ती साधी होती. आयएसओ २५००, एफ ४, शटर १/२५०. स्पष्टतेचा पट्टा दोन सेंटीमीटरच्या आसपास गेला. शिवाय तिने कॅमेरा तिरका न धरता घड्याळाच्या पातळीला समांतर, वरून धरला, त्यामुळे तेवढ्या दोन सेंटीमीटरमध्ये सगळे सुटे भाग बसले. दाणे आले, पण छपाईत ते कुणाला खटकले नाहीत. दाण्यांचं भय विद्यार्थ्यांच्या मनात इतकं का बसलेलं असतं कोण जाणे. हललेला फोटो नंतर दुरुस्त होत नाही, दाणेदार फोटो पाहता येतो.

राहिला रंगाचा प्रश्न. खिडकीचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विन, दिवा २७०० च्या घरात; केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा. काकांचा अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी येत होता. दिव्यात पांढरा बल्ब लावू का, असं तिने विचारलं. काका म्हणाले, "बाळ, माझ्या डोळ्याला याचीच सवय आहे." तिने पुन्हा विचारलं नाही. व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग) खिडकीच्या उजेडाला धरून लावला आणि हातांवरचा पिवळेपणा तसाच ठेवला. माझ्या मते या प्रकल्पातला तिचा पहिला खरा निर्णय हा होता. फोटोच्या सोयीसाठी तिने त्यांच्या कामाची जागा बदलली नाही. सगळं कृष्णधवल करून सुटका करून घेण्याचा मोह तिने टाळला, तेही मला आवडलं.

अडचण

तिसऱ्या भेटीत काका एका जुन्या मनगटी घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल राखणारं चाक, बसवत होते. त्याचा स्क्रू इतका बारीक असतो की भिंगाशिवाय नीट दिसतही नाही. हात थरथरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा स्क्रू चिमट्यातून उडाला. काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, चिमटा ठेवला, आणि उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून डोळे मिटून बसून राहिले. खिडकीचा उजेड बरोबर त्या दोन हातांवर होता.

कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर होता, सेकंदाला पाच. तिने नऊ फोटो काढले. शटरचा आवाज त्या खोलीत नक्कीच ऐकू गेला असणार. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खाली वाकून स्क्रू शोधायला घेतला, आणि तीही कॅमेरा बाजूला ठेवून शोधायला लागली.

पाचव्या आठवड्यात आठ फोटो भिंतीवर लागले. त्या नऊमधला एक सातव्या जागी होता. वर्गातल्या अठरा जणांपैकी बहुतेकांची नजर तिथेच थांबली. माझीही. मी म्हणालो, "हीच तुझी कथा आहे. बाकीचे सात याच्यासाठी आहेत."

हे मी का म्हणालो, तेही सांगायला हवं. दुसऱ्या आठवड्यात मी वर्गाला अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांची १९४८ साली 'लाइफ' साप्ताहिकात आलेली चित्रकथा दाखवली होती. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका लहान गावच्या डॉक्टरसोबत स्मिथ तेवीस दिवस राहिले होते. तिच्यातला सगळ्यात लक्षात राहणारा फोटो डॉक्टर कुणावर उपचार करत असल्याचा नाही. शस्त्रक्रियेत आई आणि बाळ दोघंही दगावल्यावर हातात कप घेऊन थकून उभ्या राहिलेल्या डॉक्टरांचा तो फोटो आहे. काम करणाऱ्या माणसाची हार दिसते तिथे कथा उभी राहते, असं मी त्या दिवशी तासभर समजावलं होतं. वर १५ गुण ठेवले होते. मुलगी नेमका तोच फोटो घेऊन आली.

तास संपल्यावर ती थांबली. म्हणाली, "सर, हा फोटो काकांनी पाहिलेला नाही."

मी म्हणालो, "सही आहे ना?"

"सही पहिल्या दिवसाची आहे. हा फोटो तिसऱ्या भेटीतला."

पर्याय

अंतिम मुदतीला सहा दिवस होते. त्या संध्याकाळी आम्ही बसून चार वाटा पाहिल्या.

पहिली: फोटो आहे तसा द्यायचा. परवानगीपत्र होतं आणि काम वर्गापुरतं होतं. पण ते खरोखर वर्गापुरतं नव्हतं. सूचनापत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की निवडक कामं प्रदर्शनात लागतील आणि विभागाच्या ऑनलाइन दालनात जातील. परवानगीपत्रात याचा शब्दही नव्हता. ते दोन्ही कागद मीच तयार केले होते आणि वर्षानुवर्षं शेजारी शेजारी वाटले होते, तरी ही फट माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

दुसरी: कातर लावायची. चेहरा काढून फक्त हात ठेवायचे. ही सूचना माझी. तिने ती ऐकली, स्क्रीनवर चेहरा कापून पाहिला आणि म्हणाली, "सर, लपवायचं असेल तर हात लपवायला हवा. चेहरा नाही." तिचं बरोबर होतं आणि मी पूर्ण चुकलो होतो. ओळख लपवायची म्हणजे चेहरा झाकायचा, ही आमची व्यवसायातली सवय. इथे काकांचं पोट त्या हातांवर होतं. हात कापतो हे दिसलं तर त्यांच्याकडे घड्याळ कोण देणार? बाकी सात फोटोंत चेहरा होताच, त्यामुळे हे हात कुणाचे हे सांगायला शेजारचा फोटो पुरेसा होता.

तिसरी: फोटो गुपचूप वगळायचा आणि काकांना काही सांगायचं नाही. हे सोपं होतं आणि सभ्यही वाटत होतं. पण शटरचा आवाज त्यांनी ऐकला होता. तो फोटो आहे हे त्यांना माहीत होतं, त्याचं पुढे काय झालं ते मात्र माहीत नसतं.

चौथी: आठही फोटो त्यांना दाखवायचे आणि विचारायचं. तिला हेच हवं होतं, आणि याचीच भीतीही वाटत होती. काका दुखावले आणि सगळ्याच फोटोंना नाही म्हणाले तर सहा दिवसांत नवा माणूस, नवं काम कुठून आणायचं?

बोलता बोलता अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या फोटोचा विषय निघाला. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे त्यांनी मुलांना बिलगून बसलेल्या एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गेला. लँग यांनी त्या वेळी तिचं नावही विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांसमोर आलं ते १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्या बाईंनी उघड नाराजी बोलून दाखवली. त्या फोटोने मजुरांच्या छावणीला मदत मिळाली हे खरं, आणि ज्या बाईचा चेहरा होता तिला बेचाळीस वर्षं कुणी काही विचारलं नाही हेही खरं. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मला तर नाव माहीत आहे. पत्ताही माहीत आहे." मग चर्चेसारखं फार काही उरलं नाही.

काय केलं

दाखवायचं ठरल्यावर कसं दाखवायचं हा प्रश्न आला. फोनवर दाखवलं की माणूस भराभर बोट फिरवतो, हो म्हणतो आणि कामाला लागतो. त्यातून समोर दाखवणारी व्यक्ती उभी असते, तिला नाही म्हणणं अवघड जातं. म्हणून तिने आठ छोट्या प्रिंट काढल्या, पाकिटात घातल्या आणि काकांना देऊन सांगितलं की सातवा फोटो तुम्हाला न विचारता काढलेला आहे, निवांत बघा, मी उद्या येते. रात्र मध्ये जाऊ द्यायची ही कल्पना तिचीच.

मला दुसरा निर्णय घ्यायचा होता. तिला मुदत वाढवून द्यावी का? एकटीला दिली असती तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता, आणि ही अडचण तिच्या आळसातून आलेली नव्हती. मी सगळ्या वर्गाला दोन दिवस वाढवून दिले आणि सांगितलं की ज्यांनी ज्यांचे फोटो काढले आहेत त्यांना या दिवसांत अंतिम निवड दाखवून या. काहींनी कुरकुर केली. दोघांनी परत येऊन आपापली निवड बदलली.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा काकांनी प्रिंट टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. सातवी उलटी. त्यांनी ती उचलून खणात ठेवली आणि म्हणाले, "हा राहू दे माझ्याकडे." रागावले नाहीत. कारणही सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

मग त्यांनी उरलेल्या सातांकडे बोट दाखवलं. "सगळी उघडलेलीच घड्याळं. चालू झालेलं एक तरी आहे का यात?"

नव्हतं. चारशेहून जास्त फोटोंमधून आम्ही दोघांनी आठ निवडले होते, वर्गाने पाहिले होते, आणि दुरुस्त झालेलं घड्याळ एकाही फोटोत नव्हतं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ज्याचं काम तोडमोडीतून चालतं करणं आहे, त्याच्या कथेत आम्ही फक्त तोडमोड ठेवली होती.

तिने नाकारलेले फोटो पुन्हा काढून पाहिले. काकांची एक सवय तिला आठवत होती: झाकण बसवल्यावर घड्याळ कानाशी धरायचं, डोळे मिटून ऐकायचं, आणि मगच बाजूला ठेवायचं. त्याचा फोटो दुसऱ्या भेटीत निघाला होता, एफ १.८ वर, कान स्पष्ट आणि घड्याळ किंचित धूसर. पुन्हा काढायला ती गेली, पण त्या दोन दिवसांत एकही घड्याळ पुरं झालं नाही. 'नुसतं कानाशी धरता का' असं तिने त्यांना सांगितलं नाही. तो धूसर फोटोच सातव्या जागी गेला.

निष्पत्ती

कथा पहिल्याइतकी जोरकस राहिली नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर हे सगळं गोड होऊन जाईल. तो उलटा ठेवलेला फोटो जास्त चांगला होता. प्रकाश, हातांची रचना, मिटलेले डोळे, सगळंच. कानाशी घड्याळ धरलेला फोटो प्रेमळ आहे, पण तो कथेला तोलून धरत नाही.

मी गुण दिले ते असे: तंत्र २४, कथा २७, चिंतन २७. एकूण ७८. कथेतल्या त्या १५ पैकी तिला ६ मिळाले. तिच्याहून जास्त गुण मिळवणारे वर्गात चार जण होते, आणि प्रदर्शनासाठी तिचं काम निवडलं गेलं नाही. नियम आधी जाहीर झालेले होते, मध्येच बदलता येत नव्हते. तरी ते ६ लिहिताना हात जड झाला होता. योग्य वागल्याबद्दल तिला नऊ गुणांचा फटका बसला, आणि तो बसवणारी मोजपट्टी माझी होती.

चिंतनाबद्दल जास्त लिहावंसं वाटतं. तिचा पहिला मसुदा मी पाचव्या आठवड्यात वाचला होता. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं सहा पायऱ्यांचं चिंतनचक्र मी वर्गाला देतो: काय घडलं, काय वाटलं, काय जमलं नि काय नाही, का, निष्कर्ष, पुढची योजना. तिने सहा रकाने नीट भरले होते. 'आयएसओ कमी ठेवल्याने फोटो हलले. पुढच्या वेळी आयएसओ वाढवेन.' सगळं खरं, आणि वाचून काहीच कळत नव्हतं. तीच वाक्यं मी दरवर्षी वीस-पंचवीस चिंतनांत वाचतो आणि बरोबरची खूण करून पुढे जातो.

दुसऱ्या मसुद्यात तिने रकाने सोडून दिले आणि फक्त त्या दोन सेकंदांवर लिहिलं. त्यातली दोन वाक्यं तिच्या परवानगीने देतो: 'पहिल्या फोटोच्या वेळी काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. नवव्याच्या वेळी कळलं होतं, आणि माझं बोट बटणावरच होतं.' पुढे तिने हेही लिहिलं की वर्गात कौतुक झालं तेव्हा तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदामुळेच ती तासभर गप्प बसली. कॅमेऱ्याच्या आकड्यांचा उल्लेख एका ओळीत आटोपला होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी क्रम. आम्ही फोटो वर्गाला आधी दाखवला, काकांना नंतर. त्यांनी तो खणात ठेवला त्याआधी अठरा विद्यार्थ्यांनी आणि मी तो पाहिला होता, त्यावर बोललो होतो. ते परत घेता येत नाही. आता कच्ची मांडणी पाचव्या आठवड्यातच होते, पण चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने आपली निवड आधी त्या माणसाला दाखवून यायचं असतं.

परवानगीपत्र दोनदा घेतलं जातं, पहिल्या भेटीत फोटो काढण्यासाठी आणि निवड पाहिल्यानंतर प्रत्येक फोटो कुठे कुठे दिसेल त्यासाठी. वर्ग, प्रदर्शन, ऑनलाइन, असे तीन वेगळे रकाने. याने काम वाढतं. काही माणसं दुसऱ्यांदा सही मागितल्यावर बिचकतात, आणि पहिल्या वर्षी दोन विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्यामुळे अडले. त्याला अजून चांगला तोडगा मिळालेला नाही.

त्या १५ गुणांच्या ओळीचे मी दोन भाग केले. आठ गुण त्या मुख्य फोटोला, सात गुण निवडीच्या समर्थनाला, ज्यात वगळलेला एक फोटो आणि तो का वगळला हे लिहावं लागतं. फोटो दाखवायचा नसेल तर नुसतं वर्णन चालतं. या मोजपट्टीने तिला किती मिळाले असते याचा हिशेब मी केला नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

तिने काय वेगळं करायला हवं होतं, यावर आमचं एकमत नाही. तिच्या मते पहिल्या फोटोनंतर कॅमेरा खाली यायला हवा होता. मला तसं वाटत नाही. त्या क्षणी काय योग्य हे ठरवायला दोन सेकंद कुणालाच पुरत नाहीत. काढलेला फोटो नंतर दाखवता येतो, विचारता येतं, पुसता येतो. पण स्क्रू उडाल्यावर खोलीत जी शांतता होती ती तिने ऐकली आहे, मी नाही. म्हणून या मुद्द्यावर मी तिला माझं मत फार रेटून सांगितलं नाही.

शेवटी राहिल्या नऊ फाइली. फोटोंची मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, प्रक्रिया न केलेली) आणि सगळ्या फोटोंचं एकत्र छोटं पान विभागाकडे जमा करणं बंधनकारक होतं, म्हणजे काकांनी नाकारलेला फोटो आमच्या साठ्यात राहणार होता. ते पान तिने त्या नऊ जागा कोऱ्या ठेवून पुन्हा तयार केलं. तिच्या कार्डवरच्या आणि लॅपटॉपवरच्या फाइली पुसायच्या की ठेवायच्या, हे तिने काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "पूस. माझ्याकडे एक आहे."